लग्न लागलं, पण कुठल्या कायद्याने?

१८५० साली विल्यम ब्रुक नावाचा एक इंग्रज विधुर वारलेल्या बायकोच्या बहिणीला घेऊन हॅम्बुर्गजवळच्या वांड्सबेक गावी गेला. ते गाव तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होतं. मेव्हणीशी लग्न इंग्लंडमध्ये निषिद्ध होतं, तिथे नव्हतं. दोघांनी तिथल्या रीतीने लग्न केलं, परत येऊन संसार थाटला, मुलं झाली. पुढे दोघं वारल्यावर इस्टेटीचा वाद निघाला आणि तो हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. १८६१ मध्ये निकाल लागला. लग्न डेन्मार्कमध्ये कितीही रीतसर झालेलं असो, जोडपं इंग्लंडचं होतं आणि इंग्लंडच्या कायद्याने त्यांना एकमेकांशी लग्न करण्याची मुभाच नव्हती. लग्न रद्दबातल ठरलं आणि मुलं अनौरस. आपल्याकडे मुलांना आईच्या जागी मावशी मिळावी म्हणून वडीलधारी माणसं हेच लग्न पुढाकार घेऊन जुळवून देत. इंग्लंडने ही बंदी १९०७ मध्ये उठवली, ब्रुकच्या मुलांना त्याचा काही उपयोग झाला नाही.

या खटल्यातला नियम मात्र अजून जिवंत आहे, आणि भारतीय न्यायालयंही साधारण त्याच वाटेने जातात. लग्नाची रीत, म्हणजे विधी, साक्षीदार, नोंदणी, हे सगळं जिथे लग्न लागलं त्या देशाच्या कायद्याप्रमाणे बघायचं. लग्नाची पात्रता, म्हणजे वय, आधीचा जोडीदार हयात आहे का, नातं निषिद्ध आहे का, हे ज्याच्या त्याच्या अधिवासाच्या, म्हणजे कायमचं घर असलेल्या देशाच्या, कायद्याप्रमाणे. परदेशात लग्न करू पाहणाऱ्यांचे घोळ बहुतेक या दोन गोष्टींची गल्लत झाल्याने होतात. दुसऱ्या देशात जाऊन रीत बदलता येते, पात्रता नाही.

सध्या 'परदेशातलं लग्न' म्हटलं की बाली, थायलंड, इटली डोळ्यांसमोर येतात. डिसेंबर २०१७ मध्ये विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांचं लग्न टस्कनीत झालं, पुढच्या वर्षी दीपिका पदुकोण आणि रणवीर सिंह यांचं लेक कोमोच्या काठी, आणि मुंबई-पुण्याच्या हौशी घरांतही तशा बेतांची बोलणी होऊ लागली. नोव्हेंबर २०२३ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी परदेशी जाऊन लग्नं करण्याच्या या प्रथेवर नाराजी व्यक्त केली, तिचा रोख देशाबाहेर जाणाऱ्या पैशावर होता. मला यातला कायद्याचा भाग अधिक काळजीचा वाटतो. रिसॉर्टवाले मांडव, फुलं, जेवण, ढोल सगळं देतात. लग्न कायद्याने लागलं की नाही हे बघणं त्यांच्या पॅकेजमध्ये बसत नाही.

थायलंडमध्ये समुद्रकिनाऱ्यावरच्या समारंभाला कायद्याच्या दृष्टीने काही किंमत नाही. लग्न होतं ते 'अम्फ'मध्ये, म्हणजे जिल्हा कचेरीत. त्यासाठी आपल्या वकिलातीकडून लग्नाला मोकळे असल्याचा दाखला घ्यायचा, त्याचं थाई भाषांतर करायचं, त्यावर थाई परराष्ट्र खात्याचा शिक्का मारून घ्यायचा आणि मग कचेरीत जायचं. इंडोनेशियाचं आणखी वेगळं. तिथल्या १९७४ च्या विवाह कायद्याप्रमाणे लग्न आधी धर्मानुसार व्हावं लागतं आणि नंतर नोंदवलं जातं. त्यामुळे वधूवरांचा धर्म एकच लागतो, तोही सरकारमान्य सहा धर्मांपैकी. भिन्नधर्मीयांच्या लग्नांची नोंद करायला परवानगी देऊ नये, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये न्यायाधीशांना बजावलं. म्हणजे इथल्या विशेष विवाह कायद्याच्या नोटीस बोर्डाला आणि नातेवाइकांना टाळून बालीत लग्न करू म्हणणाऱ्या हिंदू-मुस्लीम किंवा हिंदू-ख्रिश्चन जोडप्याला तिथे फोटो मिळतील, लग्न मिळणार नाही.

दोघंही हिंदू असतील आणि दोघांचा अधिवास भारतात असेल, तर गोष्ट बरीच सोपी आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा अशा माणसांना देशाबाहेरही लागू होतो. बालीच्या रिसॉर्टमध्ये गुरुजींनी सप्तपदी नीट केली असेल, तर लग्न तिथेच, त्याच घटकेला, याच कायद्याखाली लागतं. विधींना फाटा देऊन नुसतं सर्टिफिकेट मिळवणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं की विधी झालेच नसतील तर हिंदू विवाह कायद्याखालच्या नोंदणीने लग्न निर्माण होत नाही. हे उलट बाजूनेही ध्यानात ठेवावं. विधी झाले पण नोंद कुठेच नाही, अशी लग्नं वैध असली तरी व्हिसाच्या खिडकीवर सिद्ध करताना नाकी नऊ येतात. म्हणून बरीच शहाणी घरं आधी इथेच विधी करून गावच्या विवाह निबंधकाकडे नोंद करतात किंवा विशेष विवाह कायद्याखाली लग्न उरकतात आणि मग विमानात बसतात. सोहळा तिकडे, लग्न इकडे. मला हाच मार्ग सगळ्यांत सरळ वाटतो, आणि यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही.

खरी कसोटी लागते ती परदेशात राहणाऱ्यांची, आणि जोडीदार परक्या देशाचा असेल त्यांची. त्यांच्यासाठी आपल्याकडे १९६९ चा फॉरेन मॅरेज अॅक्ट आहे. त्याआधी १९०३ चा ब्रिटिशकालीन कायदा होता. स्वतंत्र भारताच्या कायदा आयोगाने १९६२ मध्ये तेविसाव्या अहवालात नवा कायदा सुचवला आणि सात वर्षांनी तो झाला. दोघांपैकी एक जरी भारतीय नागरिक असेल तरी भारतीय वकिलातीतल्या विवाह अधिकाऱ्यासमोर या कायद्याखाली लग्न लावता येतं. धर्माची, जातीची अट नाही. मुलाला २१ आणि मुलीला १८ वर्षं पूर्ण हवीत, आधीचा जोडीदार हयात नको, नातं निषिद्ध नको.

पद्धत अशी. दोघांपैकी एकजण त्या अधिकाऱ्याच्या हद्दीत आधीचे सलग ३० दिवस राहिलेला असावा लागतो. नोटीस द्यायची, ती नोटीस बुकात चढते, कचेरीत दर्शनी जागी लागते, आणि भारतात तसंच तुम्ही राहता त्या देशातही प्रसिद्ध होते. ३० दिवसांत कुणीही हरकत घेऊ शकतो. हरकत नसेल तर ठरल्या दिवशी अधिकारी, वधूवर आणि तीन साक्षीदार जमतात. आधी घोषणापत्रावर सह्या होतात. मग दारं उघडी ठेवून, कारण लग्न बंद दाराआड लावायचं नाही असं कायद्यातच लिहिलं आहे, दोघांनी एकमेकांना सांगायचं की मी तुला कायदेशीर पती किंवा पत्नी म्हणून स्वीकारतो. हे वाक्य दोघांना समजेल अशा भाषेत म्हणायचं असतं, म्हणजे मराठीतही चालतं. मंगळसूत्र, हार, अक्षता हव्या तर त्यांनाही मज्जाव नाही, पण लग्न पूर्ण होतं ते त्या वाक्याने. नोटिशीपासून सहा महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस बाद होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

याच कायद्याच्या १७ व्या कलमाखाली दुसरी सोय आहे. लग्न त्या देशाच्या कायद्याने आधीच लागलेलं असेल, तर वकिलातीत त्याची नोंद करून घेता येते. नोंद करताना अधिकारी वय, आधीचा जोडीदार, नातं हे सगळं पुन्हा तपासतो. ही नोंद सक्तीची नाही, आणि या कायद्याबाहेर परदेशात झालेल्या लग्नाच्या वैधतेला तिच्याअभावी धक्का लागत नाही. तरी ती करून ठेवावी, असं मी आग्रहाने सांगेन. भारतीय नागरिकाचा किंवा ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डधारकाचा परदेशी जोडीदार स्वतःसाठी ओसीआय कार्ड मागायला जातो, तेव्हा लग्न नोंदलेलं असणं आणि अर्जाआधी सलग दोन वर्षं टिकलेलं असणं, या दोन्ही गोष्टी बघितल्या जातात.

वकिलातीत लागलेलं लग्न तो परका देश मानेलच, याची मात्र खात्री नसते. जर्मनीचं उदाहरण घ्या. परक्या सरकारच्या अधिकाऱ्यासमोर तिथे लग्न करता येतं, पण दोघांपैकी कुणीही जर्मन नागरिक नसेल तरच. पुण्याच्या मुलीला स्टुटगार्टच्या जर्मन मुलाशी लग्न करायचं असेल तर भारतीय कॉन्सुलेटचा रस्ता बंद. त्यांना जर्मन 'श्टांडेसआम्ट'मध्ये, म्हणजे नोंदणी कचेरीतच जावं लागतं, आणि तिथून कागदांची वारी सुरू होते.

ती वारी जरा जवळून बघण्यासारखी आहे. पहिला कागद जन्मदाखला. मुलगी सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या गावात जन्मलेली असेल, तर ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत कित्येकदा बाळाचं नावच नसतं. तारीख, लिंग, आईबापांची नावं असतात, नावाचा रकाना कोरा. कायद्याने नाव नंतर घालता येतं, पहिल्या वर्षभरात फुकट आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. ती मुदतही उलटून गेलेली असते, आणि सरकार अधूनमधून मुदतवाढ देतं तिची वाट बघावी लागते. नाव असलंच तर दाखल्यावर एक, दहावीच्या बोर्डाच्या सर्टिफिकेटवर दुसरं आणि पासपोर्टवर तिसरं. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तीन पदांची पद्धत. परदेशी अर्जात दोनच रकाने. मधलं वडिलांचं नाव कुणी पहिल्या रकान्यात घालतं, कुणी गाळतं, आणि एकाच मुलीच्या दोन मुली होतात. पहिलं लग्न होऊन मोडलं असेल तर मधलं नाव नवऱ्याचं झालेलं, आडनाव सासरचं, काही घरांत तर पहिलं नावही सासरी बदललेलं. मग महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात, तिची प्रत, प्रतिज्ञापत्र, नोटरी. यात मुलग्यांची नावं मात्र जन्मापासून तीच राहतात, म्हणून हा सगळा भार जवळपास एकट्या मुलीवर पडतो.

दुसरा कागद सगळ्यांत अवघड: तुम्ही अविवाहित असल्याचा दाखला. बहुतेक देश लग्नाआधी हा मागतात. जर्मन कायद्यात तर परदेशी माणसाने स्वतःच्या सरकारचं 'विवाहक्षमतेचं प्रमाणपत्र' आणावं अशी तरतूदच आहे. ज्या देशांत जन्म, लग्न, घटस्फोट एकाच नागरी नोंदवहीत चढतात तिथे हे पाच मिनिटांचं काम. आपल्याकडे तशी वही नाही. गावच्या देवळात लागलेलं लग्न कुठेच नोंदलेलं नसू शकतं. सगळ्या लग्नांची नोंदणी सक्तीची करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये राज्यांना सांगितलं. महाराष्ट्रात त्याआधीपासून १९९८ चा कायदा आहे. तरी देशभराची एक वही झालेली नाही, आणि एखाद्याचं लग्न झालेलं नाही हे छातीठोकपणे सांगू शकेल असं एकही कार्यालय भारतात नाही. म्हणून आपण प्रतिज्ञापत्र करतो. मी अविवाहित आहे, असं माझं मीच लिहितो, नोटरी शिक्का मारतो, राज्य सरकारचा संबंधित विभाग त्याच्यावर आणि परराष्ट्र मंत्रालय त्याच्यावर. शिक्के चढत जातात, पण मूळ माहिती एकाच माणसाच्या शब्दावर उभी असते. परदेशी अधिकाऱ्याला शंका येते, यात त्याचं फारसं चुकत नाही.

परराष्ट्र मंत्रालयाच्या त्या शेवटच्या शिक्क्याला अपॉस्टिल म्हणतात. हेगमध्ये १९६१ साली झालेल्या कराराने ही पद्धत आली आणि भारतात १४ जुलै २००५ पासून लागू झाली. करारातल्या देशांत एका अपॉस्टिलवर कागद चालतो. जर्मनीने मात्र भारताच्या प्रवेशाला हरकत घेतली, त्यामुळे तिथे आपलं अपॉस्टिल चालत नाही. जर्मन वकिलात आपला वकील नेमते, तो गावी जाऊन नोंदवही पडताळतो, प्रसंगी आजूबाजूला चौकशी करतो. यात महिने जातात. मग उच्च प्रादेशिक न्यायालयाचे अध्यक्ष विवाहक्षमतेच्या प्रमाणपत्रातून सूट देतात, आणि ती सूटही सहाच महिने टिकते. संयुक्त अरब अमिराती अपॉस्टिल करारात नाही, म्हणून तिथे जाणाऱ्या कागदावर त्यांच्या वकिलातीचा वेगळा शिक्का लागतो. कागद कुठल्या देशात दाखवायचा ते आधी ठरवावं आणि मगच एजंटला पैसे द्यावेत.

या दिरंगाईला कंटाळून जर्मनीतली पुष्कळ भारतीय-जर्मन जोडपी काय करतात? डेन्मार्कला जातात. ब्रुक गेला होता तसेच, फक्त आता रस्ता चोख आहे. २०१९ पासून तिथे परदेशी जोडप्यांचे अर्ज एकच मध्यवर्ती कौटुंबिक कायदा संस्था तपासते. वास्तव्याची मोठी अट नाही. कागद पुरेसे असले तर दिलेलं प्रमाणपत्र चार महिने चालतं, तेवढ्यात एअरो बेटावर किंवा ट्योनरसारख्या सीमेवरच्या गावात जाऊन नगरभवनात लग्न करायचं. साक्षीदार नसतील तर नगरपालिका देते, आणि दाखला एकाच कागदावर पाच भाषांत मिळतो. यात पळवाट काही नाही. दोघंही लग्नाला पात्र असतात, डेन्मार्क फक्त पुराव्याचं ओझं माणसाला पेलेल इतपत ठेवतो.

लग्नासाठी सीमा ओलांडण्याची चाल युरोपात जुनी आहे. इंग्लंडने १७५३ च्या कायद्याने लग्नावर आईवडिलांच्या संमतीची आणि चर्चच्या नोंदीची बंधनं घातली, तेव्हा तरुण जोडपी स्कॉटलंडच्या सीमेवरच्या ग्रेटना ग्रीनला पळू लागली. तिथे दोन साक्षीदारांसमोर नुसतं म्हटलं तरी लग्न होत असे, लोहारसुद्धा लावत. १८५६ मध्ये २१ दिवस राहण्याची अट आली आणि गर्दी ओसरली.

सायप्रसची कथा अधिक गंभीर आहे. इस्रायलमध्ये नागरी विवाह नाही. ज्यू माणसाचं लग्न रब्बीच लावणार. ज्यांना ते मान्य नाही किंवा ज्यांना रब्बी मान्य करत नाहीत ती जोडपी विमानाने सायप्रसला जातात, तिथल्या नगरपालिकेत लग्न करतात आणि परत येऊन नोंदवतात. परदेशी नागरी लग्नाची नोंद नाकारता येणार नाही, असं इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये सांगितलं. लेबनॉनमध्येही नागरी विवाह नाही, तिथलीही जोडपी सायप्रसला जातात. याच काळात कोकणातून इस्रायलला गेलेल्या, घरी मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल लोकांवर काय वेळ आली हे आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे. १९६२ मध्ये मुख्य रब्बींनी फर्मान काढलं की बेने इस्रायल माणसाचं इतर ज्यूंशी लग्न लावण्यापूर्वी त्याच्या आईकडच्या पिढ्या जाईल तितक्या मागे तपासाव्यात. अलिबाग, रेवदंडा, पेण इथे 'शनिवार तेली' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या लोकांनी शतकानुशतकं शब्बाथ पाळला, आणि ज्या देशाला आपला मानून ते गेले तिथे त्यांच्याकडे ज्यूपणाचा पुरावा मागितला गेला. त्यांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केलं. १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं आणि तेव्हा ते फर्मान मऊ झालं. लग्नाच्या परवान्याच्या नावाखाली माणसाचं मूळ खोदून काढण्याची सत्ता कुठल्याही कचेरीला असू नये, असं मला वाटतं ते यासाठी.

आपणही या बाबतीत फार पुढे नव्हतो. १८७२ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर दोघांनी आपण हिंदू, मुस्लीम, ख्रिश्चन वगैरे कुणीच नाही असं लिहून द्यावं लागे. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना आपापसात सवलत मिळाली, ख्रिश्चनाशी लग्नाला नाही. १९२८ मध्ये इंदूरचे तुकोजीराव होळकर आणि अमेरिकेच्या नॅन्सी मिलर यांच्या लग्नाआधी तिला शंकराचार्य डॉ. कुर्तकोटींच्या हस्ते हिंदू करून घ्यावं लागलं आणि ती शर्मिष्ठादेवी झाली. १९५४ च्या कायद्याने ही सक्ती संपली. नोटीस बोर्ड मात्र राहिला. फ्रान्समध्ये लग्नाची सूचना नगरपालिकेबाहेर १० दिवस लागते, इंग्लंडमध्ये २८ दिवसांची वाट, आपल्याकडे ३०. तिकडे त्या सूचनेमुळे मुलीला घरात कोंडलं जात नाही. आपल्याकडे जातं. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विशेष विवाह कायद्याखालची ही जाहीर नोटीस जोडप्याच्या इच्छेवर सोडली. फॉरेन मॅरेज अॅक्टनेही तेच करायला हवं.

इंग्लंड-अमेरिकेतल्या मराठी घरांची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. इंग्लंडमध्ये नोंदणी नसलेल्या जागी गुरुजींनी लावलेलं लग्न कायद्याच्या लेखी लग्न नाही, आधी किंवा नंतर रजिस्टर ऑफिसात जावंच लागतं. पर्यटक म्हणून जाऊन तिथे लग्न करता येत नाही, त्यासाठी वेगळा मॅरेज व्हिजिटर व्हिसा आहे. अमेरिकेत देशभराचा एक कायदा नाही. काउंटीच्या क्लार्ककडून लायसन्स घ्यायचं, ठरलेल्या मुदतीत लग्न करायचं, लावणाऱ्याने सही करून ते परत पाठवायचं. न्यूयॉर्कमध्ये लायसन्सनंतर २४ तास थांबावं लागतं, टेक्सासमध्ये ७२, लास व्हेगासमध्ये मुळीच नाही आणि तिथली कचेरी मध्यरात्रीपर्यंत उघडी असते. गुरुजींची सही राहिली तर लायसन्स तसंच पडून राहतं, म्हणून पाठवणीच्या गडबडीत कुणी एकाने तेवढं काम अंगावर घ्यावं. अमेरिकन नागरिकाची वाग्दत्त वधू के-१ व्हिसावर गेली तर ९० दिवसांत लग्न व्हावं लागतं. आणि मामाच्या मुलीशी लग्न, जे आपल्याकडे रूढीच्या अपवादाने कायद्यालाही चालतं, ते टेक्सासमध्ये २००५ पासून बेकायदेशीर आहे.

आखातात फार मोठा बदल झाला. २०२१ मध्ये अबुधाबीने मुस्लिमेतरांसाठी नागरी विवाहाचा कायदा केला आणि १ फेब्रुवारी २०२३ पासून अमिरातीत तसा संघराज्याचा कायदा आला. तिथे नोकरी करणाऱ्या भिन्नधर्मीय भारतीय जोडप्यांना आता महिनाभर नोटीस लावून बसायची गरज उरली नाही. पण ते लग्न वकिलातीतलं नाही, त्या देशाचं आहे. १७ व्या कलमाची नोंद अशा ठिकाणी फार उपयोगी पडते.

गोव्याचा तिढा कागदांचाच, पण उलट दिशेचा. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करता येतो. त्यासाठी आधी जन्म आणि मग लग्न लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कचेरीत पुन्हा चढवावं लागतं. घटस्फोट झाला असेल तर तो पोर्तुगालच्या न्यायालयाकडून मान्य करून घ्यावा लागतो, नाहीतर तिकडच्या दप्तरात माणूस विवाहितच राहतो. यात गोवेकरांना एक फायदा आहे. तिथे पोर्तुगीज काळापासून लग्नाची नागरी नोंद सक्तीची असल्याने लग्नाचा कागद असतोच. उरलेल्या भारताने हे एवढं तरी गोव्याकडून उचलायला हवं होतं.

समलिंगी जोडप्यांचा प्रश्न वेगळ्याच ठिकाणी अडला आहे. नेदरलँड्सने २००१ मध्ये त्यांच्या लग्नाला मान्यता दिली, थायलंडने जानेवारी २०२५ मध्ये. परदेशात लग्न केलेल्या अशा भारतीयांनी फॉरेन मॅरेज अॅक्टखाली नोंदणी मागितली होती. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती दिली नाही. लग्न झालं आहे, दाखला आहे, पण मुंबई विमानतळावर उतरल्या क्षणी ती दोन माणसं एकमेकांची कायद्याने कुणीच नसतात. इस्पितळात सही करायलाही नाही. हे अन्यायाचं आहे आणि ते संसदेनेच दूर करायला हवं.

राहिला प्रश्न लग्न मोडल्यावरचा. परदेशी लग्नाचा विचार करणाऱ्यांनी हा सगळ्यांत आधी करावा, कारण याचा फटका बहुतेक वेळा बाईला बसतो. नवऱ्याने परदेशी कोर्टातून एकतर्फी घटस्फोट घ्यायचा, दुसरं लग्न करायचं आणि इथल्या बायकोला टपालाने कळवायचं, हा प्रकार जुना आहे. १९७४ मध्ये नेवाडात मिळवलेला असा घटस्फोट सर्वोच्च न्यायालयाने मानला नाही. १९९१ मध्ये तिरुपतीत लागलेल्या एका लग्नाचा मिसूरीतला घटस्फोट फेटाळताना त्याने नियमच घालून दिला: ज्या कायद्याखाली लग्न झालं त्याच कायद्याला मान्य असलेल्या कारणावर, त्याच कायद्याला मान्य असलेल्या कोर्टाने दिलेला घटस्फोट चालेल. बाईने स्वखुशीने हजर राहून लढत दिली असेल किंवा संमती दिली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून परदेशी कोर्टाची नोटीस आली तर घाबरून कोऱ्या कागदावर सही करू नये, आणि वकिलाला विचारल्याशिवाय उत्तरही पाठवू नये.

इथेच लग्न कुठल्या कायद्याखाली लागलं याला सगळं महत्त्व येतं. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न झालेल्या बाईला २००३ च्या दुरुस्तीनंतर ती जिथे राहते तिथल्या कोर्टात जाता येतं. माहेरी सांगलीला परत आली असेल तर सांगलीच्या कोर्टात, त्याच दिवशी. फॉरेन मॅरेज अॅक्टखाली लग्न झालेल्या बाईला घटस्फोट हवा असेल आणि दोघांचा अधिवास आता भारतात नसेल, तर १८ वं कलम आड येतं. लग्नाआधी तिचा अधिवास भारतात असला पाहिजे आणि अर्जापूर्वी सलग तीन वर्षं ती भारतात राहिलेली असली पाहिजे. तीन वर्षं! नवरा टाकून गेला, तिचा व्हिसा त्याच्यावर अवलंबून होता म्हणून परत यावं लागलं, आणि कोर्टाचं दार तीन वर्षांनी उघडणार. पोटगी आणि कौटुंबिक हिंसाचाराचे कायदे तेवढ्यात मदतीला येतात, राष्ट्रीय महिला आयोगाचा २००९ पासूनचा अनिवासी कक्ष आहे, त्याच वर्षी सुरू झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून वकिलाती वकिलाचा खर्चही देऊ शकतात. पण लग्नातून मोकळं होणं लांबतं ते लांबतंच. मूल असेल तर आणखी अवघड, कारण मुलांच्या अपहरणाविषयीच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही.

कायदा आयोगाने २०२४ च्या २८७ व्या अहवालात अनिवासी भारतीयांच्या भारतीयांशी होणाऱ्या लग्नांची भारतात सक्तीने नोंदणी, पासपोर्टवर वैवाहिक स्थितीची नोंद, आणि घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा, समन्स बजावणं या सगळ्यांसाठी एक सर्वंकष कायदा सुचवला आहे. मोठा कायदा व्हायला वेळ लागतो, हे मान्य. १८ व्या कलमातल्या त्या तीन वर्षांच्या अटीसाठी तेवढं थांबण्याची गरज नाही. २००३ मध्ये हिंदू विवाह कायद्यात जे झालं तेच १९६९ च्या कायद्यात एका दुरुस्तीने करता येईल, आणि ती दुरुस्ती आधी व्हायला हवी.